शर्त, शर्यत आणि मिजमार

मराठीतला 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त'पासून आलेला आहे. उर्दूत 'शर्त' म्हणजे अट, आणि पैजेलाही शर्तच म्हणतात. मराठीत येताना शब्दाचं रूप थोडं बदललं आणि आज आपण 'शर्यत' म्हणतो तेव्हा फक्त धावाधाव आठवते, अट आठवत नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला असे शब्द वर्गात फार उपयोगी पडतात. 'तालीम' हा असाच एक शब्द. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा. दोन्ही ठिकाणी उस्ताद लागतो, एवढं मात्र कायम आहे.

तिसरा शब्द मराठीत आलाच नाही, पण आजच्या विषयाला तोच सगळ्यात जवळचा आहे. अरबीत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला 'मिजमार' म्हणतात. हा शब्द ज्या धातूपासून बनला त्याचा अर्थ आहे सडपातळ होणं, अंगावरची चरबी झडणं. त्याच धातूपासून 'तजमीर' हा शब्द आला. तजमीर म्हणजे शर्यतीआधी घोडा तयार करण्याची पद्धत. आधी घोड्याला भरपूर खाऊ घालायचं. मग हळूहळू चारा कमी करत फक्त गरजेपुरत्या खुराकावर आणायचं. त्याला बंदिस्त जागेत झूल पांघरून ठेवायचं, म्हणजे घाम येतो, अंग आटतं, मांस घट्ट होतं आणि दम वाढतो. या तयारीच्या काळालाही मिजमार म्हणत आणि ज्या मैदानावर घोडा अखेर धावे त्यालाही मिजमारच. अरबांच्या भाषेत शर्यतीचं मैदान आणि तयारीचे दिवस यांना एकच नाव आहे.

मदीनेतली दोन अंतरं

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. ज्या घोड्यांची तजमीर झाली होती, त्यांच्यासाठी अंतर ठरलं हफयापासून सनिय्यतुल विदापर्यंत. हे अंतर सुमारे सहा मैलांचं असल्याचं रावी सांगतात. ज्या घोड्यांची तजमीर झालेली नव्हती, ते सनिय्यतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत धावले. हे अंतर साधारण एक मैल.

ही हदीस आपल्याकडे घोडेस्वारी आणि जिहादच्या तयारीच्या संदर्भात सांगितली जाते. मला तिच्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. नवख्या घोड्याला 'तू अजून तयार नाहीस, घरी जा' असं म्हटलं गेलं नाही. त्याला तयार घोड्यांच्या गर्दीतही सोडलं नाही. त्याच्यासाठी वेगळी, छोटी शर्यत ठेवली. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे आधी ठरलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मदीनेत या शर्यतीची आठवण म्हणून 'मस्जिद अस्सबक', म्हणजे शर्यतीची मशीद, याच नावाने एक जागा ओळखली जात असे.

हदीस सांगणारे इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत होते, आणि तेही तजमीर न झालेल्या घोड्यांच्या गटात. मुस्लिमच्या एका रिवायतीत ते सांगतात की मी पहिला आलो, आणि घोडा मला घेऊन मशिदीची भिंतच ओलांडून गेला. म्हणजे शर्यत संपली तरी घोडा थांबला नव्हता. कुठल्याही नवख्या स्वाराला ही गोष्ट चटकन पटेल. वेग घेणं लवकर जमतं, वेग आवरायला शिकावं लागतं.

याच इब्न उमरांची दुसरी गोष्टही बुखारीत आहे. उहुदच्या लढाईवेळी ते चौदा वर्षांचे होते. त्यांनी जायची तयारी दाखवली, पण प्रेषितांनी (स.) परवानगी दिली नाही. खंदकच्या वेळी पंधरा पूर्ण झाली होती, तेव्हा परवानगी मिळाली. पुढे खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी ही हदीस ऐकली तेव्हा ती लहान आणि मोठा यांच्यातली सीमा मानली. मुलाची हौस खरी होती, धाडसही खरं होतं. तरीही वयाची अट पाळली गेली.

रस्त्यावरून ट्रॅककडे

मोटारसायकलच्या शर्यतींचा इतिहास जवळपास हाच धडा नव्याने शिकल्याचा इतिहास आहे. सुरुवातीला युरोपात या शर्यती सरळ रस्त्यांवर होत. ब्रिटनमध्ये 1903 च्या कायद्याने ताशी 20 मैलांची मर्यादा घातली आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घेणं अशक्य झालं. मग शौकिनांनी आइल ऑफ मॅन हे बेट गाठलं, कारण तिथली विधानसभा वेगळी होती आणि ती शर्यतीसाठी रस्ते बंद करून द्यायला तयार होती. 28 मे 1907 ला तिथे पहिली टीटी शर्यत झाली. एका सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला आणि दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर रेम फाउलर. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक उघडला. गाड्यांच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली ही पहिली मोठी जागा.

ब्रुकलँड्सवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार त्यांच्यापुढे येत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचं एक कडक टोपडं बनवून घेतलं. 1914 च्या टीटीत ते सक्तीचं झालं. हेल्मेटचा जन्म असा ट्रॅकवर झाला. रस्त्यावर यायला त्याला आणखी बराच काळ लागला.

त्यासाठी एक प्रसिद्ध मृत्यू कारण ठरला. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. तुर्कांविरुद्ध अरबांना उठवणारा हा इंग्रज अधिकारी पुढे नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई म्हणून राहिला. 1927 ते 1929 या काळात तो कराची आणि मीरानशाहला होता आणि त्याच्या हेरगिरीच्या अफवा तेव्हाच्या हिंदुस्थानात पसरल्या होत्या. त्याला ब्रफ सुपीरियर मोटारसायकलींचं वेड होतं. 13 मे 1935 ला इंग्लंडमधल्या एका साध्या गावरस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी मरण पावला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्यांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती 1973 मध्ये आली. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 तेच सांगतं. आपण ते किती पाळतो हे जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेर उभ्या गाड्यांकडे पाहिलं की कळतं. हेल्मेट असलंच तर आरशाला अडकवलेलं असतं.

शोलावरमपासून पुढे

भारतात मोटारींची पहिली मोठी चाचणी 1904 मध्ये दिल्ली ते मुंबई अशी झाली, मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाच्या पुढाकाराने. पण शर्यतीला कायमची जागा मिळाली ती दक्षिणेत. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धात बांधलेली एक धावपट्टी युद्धानंतर रिकामी पडली होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने, ज्याची स्थापना 1953 ची आहे, तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. युद्धासाठी बांधलेली जागा शौकिनांच्या तालमीची झाली. पुढे क्लबने इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःचा ट्रॅक बांधला आणि 1990 मध्ये तो सुरू झाला. लांबी सुमारे 3.7 किलोमीटर, वळणं बारा. 2003 मध्ये कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे आला. 2011 मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उघडलं, 5.125 किलोमीटरचं. तिथे 24 सप्टेंबर 2023 ला भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली आणि इटलीचा मार्को बेझेक्की जिंकला.

या यादीत महाराष्ट्र नाही, आणि ही गंमत आहे. देशातल्या कितीतरी मोटारसायकली आपल्याच राज्यात बनतात. आकुर्डी, चाकण, वाळूज ही बजाजच्या कारखान्यांची नावं आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांना पाठ आहेत, कारण आयटीआय झालं की अनेक जण कामाच्या शोधात वाळूजला जातात. गाडी बनवणारे हात इथले, पण ती गाडी नीट चालवायला शिकायचं मैदान हजार किलोमीटर लांब. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा छोटा ट्रॅक आहे, तो मुळात कार्टिंगचा. मोठ्या ट्रॅकसाठी अनेक जण चेन्नई, कोइंबतूर किंवा दिल्ली गाठतात.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

हा सगळा इतिहास मी वाचायला घेतला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता पंचविशीत आहे, गॅरेज चालवतो, दोनशे सीसीची गाडी त्याने स्वतःच्या कमाईतून घेतली आहे. त्याला चेन्नईच्या ट्रॅकवर 'ट्रॅक डे'साठी जायचं होतं. वडिलांचा विरोध होता. एक दिवस दोघं घरी आले. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा याला. पैसे देऊन मरायला जायचं म्हणतोय." मुलगा म्हणाला, "सर, मला एवढंच सांगा, हे जायज आहे का? अब्बा म्हणतात हा जुगार आहे."

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही, हे मी आधीच सांगितलं. पण पुस्तकात काय आहे ते वाचून दाखवणं शिक्षकाचं काम आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या एका हदीसीत उंट, घोडा आणि तिरंदाजी या तीन गोष्टींच्या स्पर्धेतच बक्षिसाची मुभा दिली आहे. हनफी फिकहने त्यात पायी धावण्याची भर घातली. फुकहांनी सीमा अशी आखली की बक्षीस तिसऱ्या कोणी ठेवलं तर चालेल, पण दोन्ही धावणाऱ्यांनी पैसे लावले आणि हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याला मिळाले, तर तो जुगार. ट्रॅक डेमध्ये बक्षीस नसतं, नंबर नसतो. ती शर्यतच नसते. भरलेली फी ही शिकण्याची फी असते. जुगाराचा प्रश्न तिथेच संपतो.

उरतो जिवाचा प्रश्न, आणि तो वडिलांनी अगदी बरोबर विचारला होता. जीव ही अमानत आहे. ती विनाकारण धोक्यात घालायला दीन परवानगी देत नाही. म्हणून मी मुलाला म्हटलं, तू तिथे काय काय तयारी करणार आहेस ते अब्बांना एकेक करून सांग. तो सांगत गेला आणि मला तजमीर आठवत गेली.

आधी गाडी. ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेकचं तेल कधी बदललं, चेन किती ताणलेली आहे, टायरवर चर किती शिल्लक आहे, इंजिनातून तेलाचा थेंबही गळत नाही ना. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागच्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. आरसे काढायचे, हेडलाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे पडल्यावर काचा पसरत नाहीत. टायर धावताना तापतो आणि आतली हवा वाढते, म्हणून हवेचा दाब आयोजक सांगतील तसा ठेवायचा. हे सगळं तिथले लोक तपासतात आणि गाडी पास झाली तरच आत सोडतात.

मग माणूस. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, पाठीचं रक्षण करणारं कवच. एकसंध चामडी सूट 1950 च्या सुमारास इंग्लंडच्या जेफ ड्यूकने शिंप्याकडून शिवून घेतला, तेव्हा तो हवा कापण्यासाठी होता. कातडी वाचवण्यासाठी तो सगळ्यांनी घेतला ते नंतर. नवख्याला हा सूट भाड्यानेही मिळू शकतो. आदल्या रात्री पूर्ण झोप, सकाळी हलकं खाणं, दिवसभर पाणी. चेन्नईच्या उन्हात चामडं घालून अंगातलं पाणी किती जातं हे लक्षात ठेवावं लागतं. थकलेला माणूस आधी चुकतो, नंतर त्याला कळतं.

मग नियम. सकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं जातं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, सावकाश, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे फेरी थांबली, हळू परत या. काळा झेंडा तुमच्यासाठी दाखवला तर बाहेर या. चौकड्यांचा म्हणजे वेळ संपली. नवखे, मधले आणि अनुभवी असे वेगळे गट असतात आणि त्यांना आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागे सावकाश काढायच्या, वळणं डोळ्यांत बसवायची. नवख्यांच्या गटात वळणावर ओलांडायला मनाई असते. ओलांडताना जबाबदारी मागच्याची असते. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही. नजर समोरच्या चाकावर नाही, वळण जिथे संपतं तिथे. ब्रेक वळणाआधी सरळ असताना, एकदम न आवळता दाबत न्यायचा. शेवटची फेरी सावकाश काढायची.

मी वडिलांना हदीस वाचून दाखवली. तजमीर झालेल्या घोड्यांना सहा मैल, न झालेल्यांना एक मैल. म्हटलं, हा मुलगा स्वतःला एक मैलवाल्यांत बसवतोय, ही चांगली खूण आहे. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुलाला विचारलं, "आणि राजूर घाटात जे तुम्ही सगळे मिळून करता, तिथे हे झेंडे कोण दाखवतो?" मुलाकडे उत्तर नव्हतं.

घाटात झेंडा नसतो

खरा मुद्दा वडिलांच्या त्या प्रश्नात आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट असो की ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता, या वळणांवर पोरं वेग तपासतात. तिथे समोरून एसटी येते, उसाची ट्रॉली येते, बोथ्याच्या जंगलात जनावर आडवं येतं. वळणाबाहेर घसरलं तर ट्रॅकवर वाळू आणि मोकळी जागा असते, घाटात कठडा असतो आणि त्याखाली दरी. तिथे सगळे गट एकत्र असतात. नवखा, अनुभवी, दूधवाला, शाळेतून परतणारी मास्तरीण. यातल्या कोणी शर्यतीची शर्त मान्य केलेली नसते.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आणलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. नववीतल्या मुलाला शिकवणीला जायला गाडी देणाऱ्या अब्बांनी आणि अम्मींनी हे कलम एकदा वाचावं. चौदा वर्षांच्या इब्न उमरांना परत पाठवलं गेलं होतं, हे त्याआधी वाचावं.

या मातीतल्या लोकांना हे नवं वाटायचं कारण नाही. आमच्या विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे परंपरा राहिली, पण शर्तींसह. आधी परवानगी, मग पट. गावाने हे बैलांसाठी मान्य केलं आहे. पोरांच्या गाड्यांसाठी ते मान्य करायला काय हरकत आहे?

म्हणून मला वाटतं, नुसतं 'गाडी हळू चालव' म्हणून भागणार नाही. वेगाची ओढ तरुणपणात असतेच, मदीनेतही होती. तिला जागा दिली गेली, अंतर दिलं गेलं, अट दिली गेली. जिल्ह्यात पोलीस, आरटीओ आणि गावातले जाणते लोक मिळून वर्षातून दोनदा जरी एखाद्या बंद मैदानावर ब्रेक लावण्याचं आणि वळण घेण्याचं प्रशिक्षण ठेवू शकले, तरी घाटातली गर्दी कमी होईल. ट्रॅक बांधायला कोट्यवधी रुपये लागतात. नवख्यांच्या एका मैलाला शंकूंची एक रांग आणि एक जाणता उस्ताद पुरतो. मशिदीच्या कमिट्या, शाळांची मैदानं, गॅरेजवाले, सगळ्यांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे.

माझा तो विद्यार्थी वडिलांच्या परवानगीने नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नईला जाऊन आला. परत आल्यावर त्याने सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगाची नव्हती. तो म्हणाला, "सर, मला इतकी वर्षं वाटायचं मला ब्रेक लावता येतो." आता तो गॅरेजवर आलेल्या पोरांची गाडी दुरुस्त करताना आधी ब्रेक पॅड दाखवतो आणि मग बाकीचं बोलतो.

मशिदीची भिंत ओलांडून गेलेल्या घोड्यावरचा तो तरुण, हजरत अब्दुल्लाह बिन उमर, पुढे ऐंशीच्या वर वर्षं जगला. हिजरी 73 मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर त्यांनी हजारो हदीसी पुढच्या पिढीला दिल्या, त्यात ही शर्यतीचीही एक होती. आपल्या मुलांनीही शर्यत पाहावी, त्यात धावावं, आणि म्हातारपणी ती कोणाला तरी सांगण्याइतकं जगावं, एवढीच अल्लाहकडे दुआ आहे.